अप-डाऊनचं पेट्रोल आणि "वैयक्तिक निवड": करकायद्यातलं एक गृहीतक तपासताना



गेल्या पावसाळ्यात रिटर्न भरायच्या दिवसांत माझी एक मैत्रीण पेट्रोलच्या पावत्यांनी फुगलेलं पाकीट घेऊन रूमवर आली. ती सेट पास आहे, पीएचडी सुरू आहे आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर, दोन कॉलेजांत शिकवते. घरापासून पहिलं कॉलेज १४ किलोमीटर, तिथून दुसरं २२ आणि दुसऱ्यापासून घर १९. रोजचे ५५ किलोमीटर, स्वतःच्या स्कूटरवर.

"अगं, हे इन्कम टॅक्समध्ये वजा होतं ना?" तिनं विचारलं.

मी "नाही होत" म्हणून मोकळी झाले. त्यावर तिनं "का?" विचारलं आणि मी गप्प. नियम माहीत होता, त्यामागचं कारण माहीत नव्हतं. व्हायवामध्ये परीक्षकांनी पकडावं तसं झालं.

मी भूजलाच्या नमुन्यांवर काम करते, सीए नाही. त्यामुळे हा लेख कर-सल्ला म्हणून वाचू नका. एखादा नियम ज्या युक्तिवादावर उभा आहे तो तपासायचा कसा, याचा हा एक नमुना समजा. पेपर वाचताना आपण विचारतो ना, की गृहीतक काय, वर्गीकरण कशाच्या आधारे केलं, कंट्रोल कुठे आहे? तेच तीन प्रश्न मी इथे विचारणार आहे. विषय मात्र तुमच्या-माझ्या खिशाचा आहे, कारण आपल्यातले कितीतरी जण आज ना उद्या सीएचबी करणार आहेत किंवा स्वतःच्या गाडीवर फील्डला जाणार आहेत.

आधी नियम

खाली दिलेले कलमांचे क्रमांक प्राप्तिकर कायदा, १९६१ मधले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागतो.

आपल्याकडे उत्तर बदलतं ते तुमचं उत्पन्न कुठल्या शीर्षाखाली येतं यावर.

पगार असेल, तर कलम १६ मधली वजावटींची यादी बंदिस्त आहे. स्टँडर्ड डिडक्शन, सरकारी कर्मचाऱ्यांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर, संपली यादी. "मी कामासाठी एवढं पेट्रोल जाळलं" असं लिहायला रकानाच नाही. घर ते ऑफिस तर नाहीच, पण कामाच्या वेळेत कामासाठीच केलेला प्रवाससुद्धा तुम्ही स्वतः वजा करू शकत नाही. एक वाट आहे. मालकाने "कामासाठीच्या प्रवासाचा भत्ता" म्हणून वेगळी रक्कम दिली, तर कलम १०(१४) आणि नियम २बीबी नुसार त्यातली प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. नव्या कररचनेतही ही सवलत टिकून आहे.

व्यवसायाचं उत्पन्न असेल, तर कलम ३७(१). धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी पूर्णपणे आणि केवळ त्याच कारणाने केलेला खर्च वजा होतो. क्लिनिकमधून पेशंटच्या घरी जाणारी डॉक्टर किंवा ऑफिसातून साईटवर जाणारा आर्किटेक्ट हा खर्च दाखवू शकतात. एकच गाडी घरासाठीही वापरत असाल, तर कलम ३८(२) प्रमाणे कामापुरता वाटा धरायचा. घर ते स्वतःचं ऑफिस हा प्रवास मात्र इथेही खाजगीच समजला जातो.

फेलोशिप असेल, तर प्रश्न सहसा येतच नाही. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) नुसार करमुक्त असते. जे उत्पन्न करातच येत नाही, त्यातून वजा काय करणार? फक्त "फेलोशिप" हे नाव असलं की झालं असं समजू नका. नेमणुकीच्या पत्रात नोकरीच्या अटी असतील तर तो पगार ठरू शकतो.

आता माझ्या मैत्रिणीची गंमत बघा. एक कॉलेज तिचं मानधन पगार म्हणून दाखवतं, तर दुसरं व्यावसायिक फी म्हणून दाखवून दहा टक्के टीडीएस कापतं. विषय तोच, स्कूटर तीच. पण पहिल्या कॉलेजच्या पैशांसमोर पेट्रोलला जागा नाही आणि दुसऱ्याच्या पैशांसमोर निदान मधल्या २२ किलोमीटरचा दावा करून बघता येतो. कायद्याच्या दृष्टीने कॉलेजने लावलेलं लेबल हा अंतिम शब्द नसतो. नातं मालक-नोकराचं आहे की स्वतंत्र सेवा देणाऱ्याचं, ते पाहिलं जातं. पण सीएचबीवाल्या माणसाने हा वाद कुणाशी आणि कशाच्या जोरावर घालायचा?

हे गृहीतक आलं कुठून?

"घर ते ऑफिस म्हणजे खाजगी" हा विचार एकट्या भारताचा नाही. इंग्लंड-अमेरिकेतले जुने निकाल वाचले की त्याची मुळं दिसतात. दोन निकाल मला फार बोलके वाटले.

पहिला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९४६ सालचा, फ्लॉवर्स खटला. फ्लॉवर्स हे वकील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनमध्ये कित्येक वर्षं राहत होते. एका रेल्वे कंपनीने त्यांना मुख्य कायदा सल्लागार केलं. कंपनीचं मुख्य कार्यालय होतं अलाबामातल्या मोबीलमध्ये. ठरलं असं की त्यांनी जॅक्सनमध्येच राहावं, पण मोबीलला ये-जा स्वतःच्या खर्चाने करावी. त्यांनी प्रवास, जेवण आणि हॉटेल मिळून १९३९ साठी ९०० डॉलर आणि १९४० साठी १,६२० डॉलर वजा मागितले. न्यायालयाने नाकारले. न्यायमूर्ती मर्फी यांनी तीन अटी मांडल्या: खर्च वाजवी आणि आवश्यक हवा, घरापासून दूर असताना झालेला हवा आणि धंद्याच्या गरजेतून झालेला हवा. फ्लॉवर्स तिसऱ्या अटीवर अडकले. जॅक्सनमध्ये राहणं ही त्यांची सोय होती, रेल्वेची गरज नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं. न्यायमूर्ती रटलेज यांनी भिन्नमत नोंदवलं. कायद्यात "घर" हा शब्द आहे, तर त्याचा अर्थ घर असाच घ्या, कामाचं ठिकाण असा नको, हा त्यांचा रोख होता.

दुसरा निकाल इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलचा, १९५२ सालचा, न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन. न्यूसम हे बॅरिस्टर. ऑफिस लंडनच्या लिंकन्स इनमध्ये, घर व्हिप्सनेड या गावी. संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि कोर्टाच्या सुट्टीत ते घरीच काम करत. त्यांचा दावा साधा होता: दोन्हीकडे काम करतो, म्हणजे मधला प्रवास कामाचाच. न्यायाधीशांनी तो मानला नाही. डेनिंग यांनी म्हटलं की पूर्वी माणूस दुकानाच्या वरच राहायचा, आता गाड्यांमुळे लांब राहतो, पण त्याच्या धंद्याचा तळ जिथे होता तिथेच आहे. रोमर यांचं म्हणणं आणखी टोकदार होतं. या प्रवासाचा हेतू काम करता यावं हा नाही, कामापासून लांब राहता यावं हा आहे.

हे वाचल्यावर मी क्षणभर निरुत्तर झाले. वाक्य इतकं पटणारं की त्यात गृहीतक लपलंय हे पहिल्या वाचनात लक्षातच येत नाही.

तपासणी १: "निवड" हे चल मोजलं कधी?

प्रवासाला दोन टोकं असतात, एक घर आणि एक काम. ५५ किलोमीटर हे दोघांमधलं अंतर आहे, एकट्या घराचा गुण नव्हे. काम हलवलं तरी अंतर बदलतं आणि घर हलवलं तरी बदलतं. मग "प्रवास घरामुळे झाला" असं म्हणताना कामाचं टोक आपण स्थिर धरलेलं असतं. प्रयोगात एक चल स्थिर धरून दुसऱ्याचा परिणाम मोजणं ठीक आहे. पण मग "सगळा परिणाम दुसऱ्याचाच" असा निष्कर्ष काढला, तर गाईड पेपर परत पाठवतील.

फ्लॉवर्स यांच्याकडे निवड होती हे मान्य. पण ती पगाराची आणि प्रतिष्ठेची नोकरी असलेल्या एका वकिलाची निवड. तोच नियम जशाच्या तसा कसाऱ्याहून किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला लावला की "निवड" या शब्दाचा अर्थ पातळ होतो. ऑफिसजवळचं भाडं त्याच्या पगारात बसत नाही. माझी मैत्रीण तर दोन कॉलेजांमध्ये घर घेऊ शकत नाही, कारण पुढच्या वर्षी कुठलं कॉलेज तिला तासिका देईल हे तिलाच माहीत नसतं. घर स्थिर आहे आणि कामच दरवर्षी जागा बदलतंय. न्यूसम यांच्या खटल्यातलं चित्र इथे उलटं झालं आहे.

पण टीका प्रामाणिक असायची तर दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती दुबळी नाही. लांब राहणाऱ्याला भाडं स्वस्त पडतं. त्या वाचलेल्या भाड्यावर सरकार कर घेत नाही. मग प्रवासाचा खर्चही वजा करू दिला, तर लांब राहण्याचा फायदा करमुक्त आणि तोटा करातून वजा, असा दुहेरी लाभ होईल. हा मुद्दा मला पटतो.

फक्त मग नियम दोन्ही बाजूंनी सारखा हवा. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सवलत आहे, कलम १०(१३ए). मुंबईसारख्या महानगरात पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा, आणि जितकं भाडं जास्त तितकी सवलत मोठी. म्हणजे ऑफिसजवळ महाग घर घेणाऱ्याच्या "वैयक्तिक निवडीला" सवलत आणि लांब स्वस्तात राहून अप-डाऊन करणाऱ्याच्या निवडीला काही नाही. घर कुठे घ्यायचं ही खाजगी बाब असेल तर दोघांचीही खाजगीच. नव्या कररचनेत घरभाड्याची सवलतच नाही. बाकी काही म्हणा, या एका मुद्द्यावर ती जास्त सुसंगत आहे.

तपासणी २: वर्गीकरण कशावर?

आता वर्गीकरणाकडे. इंग्लंडमध्येच १९७१ साली हॉर्टन विरुद्ध यंग हा खटला झाला. हॉर्टन हे स्वतंत्रपणे काम घेणारे गवंडी. ईस्टबोर्नला घर, अवजारं आणि हिशोब घरात, आणि काम जिथे बांधकाम चालू असेल तिथे. त्यांना घर ते साईट हा खर्च वजा मिळाला, कारण घर हाच त्यांच्या धंद्याचा तळ होता. निकाल मला योग्य वाटतो. पण यातून निकष काय निघाला ते पाहा. प्रवास किती गरजेचा होता, हे विचारलं गेलं नाही. प्रवास कुठून सुरू झाला, हे विचारलं गेलं. बॅरिस्टरचं लंडनला ऑफिस होतं म्हणून त्याचं घर तळ नाही. गवंड्याला ऑफिसच नव्हतं म्हणून त्याचं घर तळ.

हा निकष निदान जमिनीवरच्या वस्तुस्थितीला धरून आहे. आपल्याकडचा पगारदारांसाठीचा निकष त्याहून कच्चा आहे, कारण तो पगाराच्या स्लिपवरच्या शब्दांवर चालतो.

उदाहरण घेऊ. दोन मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहेत. दोघेही दिवसभर बाईकवर डॉक्टरांच्या दारोदारी फिरतात आणि दोघांचाही महिन्याला ६,००० रुपये पेट्रोलवर खर्च होतो. पहिल्याला कंपनी हे ६,००० रुपये कामाच्या प्रवासाचा भत्ता म्हणून वेगळे देते. वर्षाचे ७२,००० करमुक्त. दुसऱ्याच्या कंपनीने सगळं एकत्र पॅकेजमध्ये घातलंय, "त्यातच सगळं आलं". त्याला एक रुपयाही वजा करता येत नाही. दोघांच्या उत्पन्नाचा वरचा थर नव्या रचनेतल्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर दुसरा माणूस उपकरासह ११,२३२ रुपये जास्त भरतो. किलोमीटर तेच, पेट्रोलही तेच. फरक फक्त एचआरने एक्सेलमध्ये किती रकाने केले याचा.

आणि हा प्रवास घर ते ऑफिस नाही बरं का! हा निखळ कामाचा प्रवास आहे, ज्याबद्दल फ्लॉवर्सच्या आणि न्यूसमच्या न्यायाधीशांनाही शंका आली नसती. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. घर ते ऑफिस वजा होऊ नये, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. पण नोकरदाराने स्वतःच्या खिशातून केलेला शुद्ध कामाचा खर्च वजा होऊ नये, याच्या बाजूने तत्त्व म्हणून सांगता येईल असं कारण मला सापडलं नाही. सापडली ती फक्त सोय: कोट्यवधी नोकरदारांच्या पावत्या तपासणार कोण?

तपासणी ३: कंट्रोल ग्रुप कुठाय?

कलम १७(२) मध्ये मालकाकडून मिळणाऱ्या सुखसोयींची व्याख्या आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की मालकाने दिलेल्या वाहनातून घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर केलेला प्रवास ही मोफत मिळालेली सोय मानली जाणार नाही. म्हणजे त्यावर कर नाही. कंपनीच्या बसने कारखान्यावर जाणारा कामगार आणि कंपनीच्या गाडीतून जाणारे साहेब, दोघांनाही हे लागू.

आता युक्तिवाद शेजारी ठेवून बघा. घर ते ऑफिस प्रवास ही खाजगी बाब असेल, तर मालकाने त्याचा खर्च उचलणं म्हणजे कर्मचाऱ्याचा खाजगी खर्च उचलणं. मग त्यावर कर हवा. आणि तो प्रवास कामाचाच भाग म्हणून करमुक्त असेल, तर स्वतः तिकीट काढणाऱ्यालाही वजावट हवी. कायदा मात्र बसमध्ये बसलेल्याला सांगतो की हे कामाचं, आणि लोकलच्या दारात लटकलेल्याला सांगतो की हे तुझं खाजगी. एकाच प्रयोगात एकाच पदार्थाला दोन नावं दिल्यासारखं हे झालं.

याचा अर्थ कामगारांच्या बसवर कर लावा असा नाही. सवलत ठेवायची तर तिचं कारण "प्रवास कामाचा आहे" हे न देता "सामूहिक वाहतूक चांगली आहे" असं सरळ सांगावं, म्हणजे साहेबांच्या गाडीचा वेगळा विचार करता येईल.

मग जर्मनीसारखं करायचं का?

"तिकडे सगळं मिळतं" असं ऐकलं की आधी आकडे मांडून बघायचे. जर्मनीत घर ते कामाच्या ठिकाणाच्या एकेरी अंतरावर ठरावीक दराने वजावट मिळते, मग तुम्ही कारने जा, रेल्वेने जा नाहीतर सायकलने. २०२५ मध्ये हा दर पहिल्या २० किलोमीटरसाठी ३० सेंट आणि २१ व्या किलोमीटरपासून ३८ सेंट होता.

तिथेही हा वाद झालाय. २००७ पासून सरकारने पहिल्या २० किलोमीटरची वजावट काढून टाकली. काम कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होतं, त्याआधीचं खाजगी, असं तत्त्व मांडलं गेलं. म्हणजे आपल्या डेनिंगसाहेबांचंच. ९ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो बदल समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. न्यायालयाने "प्रवास कामाचाच असतो" असं काही जाहीर केलं नाही. मुद्दा असा होता की तिजोरी भरायची एवढ्या कारणावर स्वतःच्याच करपद्धतीपासून फारकत घेता येत नाही. नियम बदलायचा तर सुसंगत तत्त्व द्या. मला हा निकाल इथल्या तिन्हींपेक्षा आवडतो, कारण तो उत्तर देण्याऐवजी युक्तिवादाची सुसंगती तपासतो.

पण वजावटीचा फायदा कुणाला होतो? एकेरी ४० किलोमीटर आणि वर्षाला २२० दिवस धरा. पहिल्या २० किलोमीटरचे ६ युरो, पुढच्या २० चे ७.६०, म्हणजे दिवसाला १३.६० आणि वर्षाला २,९९२ युरो. प्रत्येक नोकरदाराला १,२३० युरोची सरसकट वजावट मिळतेच, म्हणून खरा फायदा वरच्या १,७६२ युरोंचा. ज्याच्या वरच्या थराला ४२ टक्के कर लागतो त्याचे यातून सुमारे ७४० युरो वाचतात. २० टक्केवाल्याचे सुमारे ३५२. आणि ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याचे शून्य. अंतर सारखं, पण श्रीमंताचा किलोमीटर महाग. ही खोट तिथल्या सरकारच्याही लक्षात आली आणि २०२१ पासून करपात्र मर्यादेखालच्या लांबच्या प्रवाशांसाठी एक वेगळी प्रवास-रक्कम सुरू करावी लागली. शिवाय जितकं लांब राहाल तितकी जास्त वजावट, म्हणजे शहर आणखी पसरायला उत्तेजन. पर्यावरणाचा अभ्यास करणारी म्हणून मला हे गिळणं कठीण जातं.

आपल्याकडचा इतिहास

आपण वेगळी वाट धरली. २०१८ पर्यंत प्रवास भत्त्याची महिना १,६०० रुपयांची, म्हणजे वर्षाला १९,२०० ची सवलत होती, पण पगारात तसा भत्ता असेल तरच. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती आणि वैद्यकीय खर्चाची १५,००० ची सवलत काढून ४०,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आणली. हिशोब केला तर ३४,२०० गेले आणि ४०,००० आले. पुढच्या वर्षी ती ५०,००० झाली, आणि आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून नव्या रचनेत ७५,०००. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी महिना ३,२०० रुपयांपर्यंतची प्रवास भत्त्याची सवलत मात्र ठेवली, ते योग्यच झालं.

हे ७५,००० चालत ऑफिसला जाणाऱ्यालाही मिळतात आणि कसाऱ्याहून येणाऱ्यालाही. ढोबळ आहे, पण ढोंगी नाही. पावती नको, लांब राहायला बक्षीस नाही, स्लिपवरच्या शब्दांचा खेळ नाही.

माझं मत

घर ते ऑफिस प्रवासासाठी किलोमीटरवर वजावट नको. सरसकट रक्कम पुरे. पण तिचं समर्थन "ती तुमची निवड आहे" असं करू नका, कारण ते अर्धसत्य आहे. "मोजणं अवघड, आणि मोजून दिलं तर वरच्यांनाच जास्त जातं" हे खरं कारण आहे. ते सांगा.

कामाच्या वेळेत, कामासाठी, स्वतःच्या खिशातून केलेला प्रवास मात्र पगारदारालाही वजा करता आला पाहिजे, मालकाने भत्त्याचं नाव दिलेलं असो वा नसो. अंतराची नोंदवही आणि ठरावीक दर एवढ्यावर ते होऊ शकतं. ब्रिटनमध्ये कामासाठी स्वतःची कार वापरणाऱ्या नोकरदाराला पहिल्या १०,००० मैलांसाठी मैलामागे ४५ पेन्स असा मान्य दर वर्षानुवर्षं होता, आणि मालकाने त्यापेक्षा कमी दिलं तर फरकावर सवलत मागता येते. न्यूसम यांना नाही म्हणणाऱ्या देशातच हे आहे.

आता पुन्हा मैत्रिणीच्या पाकिटाकडे येते. आम्ही दोघींनी बसून हिशोब केला. मधल्या २२ किलोमीटरचा दावा लढवण्यासारखा होता, ५५ पैकी बरोबर ४० टक्के. पण दोन्ही कॉलेजांचं मिळून तिचं वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतच होतं. कर शून्य. कापलेला टीडीएस रिटर्न भरल्यावर परत मिळणार होता, पेट्रोल दाखवा वा न दाखवा. पावत्यांचा काडीचाही उपयोग नव्हता.

ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी एवढी गरीब आहे की मला सवलतही परवडत नाही."

तेव्हा मला कळलं की मी सगळा वेळ चुकीच्या प्रश्नावर टीका करत होते. ज्याच्या कमाईतला मोठा हिस्सा रस्त्यावर जातो, त्याला बहुतेक वेळा कर लागतच नाही. मग वजावट म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी. तिच्यासाठी खरा प्रश्न करखात्याकडे नाहीच, मानधनाच्या हिशोबात आहे. तासिकेचे पैसे वर्गातल्या तासाचे मिळतात, दोन कॉलेजांमधल्या २२ किलोमीटरचे कुणीच देत नाही.

म्हणून रिसर्चच्या तयारीत असलेल्यांना तीन गोष्टी सांगते. सीएचबी स्वीकारताना मानधनातून पेट्रोल वजा करून मग तासाचा दर काढा, आकडा बघून धक्का बसेल, पण तो खरा असेल. मानधन पगार म्हणून दाखवणार की फी म्हणून, हे पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्या आणि टीडीएस कापला असेल तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा, नाहीतर तुमचेच पैसे अडकून राहतात. आणि प्रोजेक्टचा प्रस्ताव लिहाल तेव्हा फील्डच्या प्रवासाचं शीर्ष वेगळं लिहा, किलोमीटर मोजून. "किरकोळ खर्चात बघू" असं कुणी म्हणालं तरी. वेगळा रकाना नसला की काय होतं, ते वर त्या दोन एमआरच्या उदाहरणात पाहिलंच आहे.

पाकीट अजून माझ्याकडेच आहे. तिनं नेलं नाही.